चेटकिणीचे गुळगुळीत गाल

समारंभाच्या अध्यक्षा आणि खेळातल्या चिमुकल्या मूर्ती बनवणाऱ्या आमच्या कंपनीच्या मालकीणबाई श्रीमती ऑर्पिन, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे मुख्य शिल्पकार डेस्मंड हार्बॉटल, आणि नखांत हिरवी पुट्टी घेऊनच इथं आलेल्या नॉटिंगहॅमच्या माझ्या बंधुभगिनींनो,

"हिल्डा टॅन्सली सगळ्यांत जुनी, तीच गौरवपर बोलेल," असं ठरवलंत, त्याबद्दल मी आभारी आहे. पुदिन्याच्या सॉसमधले वाटाणे गार होण्याआधी आटोपते.

डेस्मंडसाहेब, तुमच्यासारख्या कलावंताचे हात रिकामे बघवत नाहीत. हे तबक घ्या. त्यात पुट्टीची पट्टी, सुरी, पाण्याची वाटी, सगळं आहे. मी बोलते तोवर अंगठ्याएवढा एक चेहरा करा. दाढी नको, नुसते गुळगुळीत गाल. कंपनीकडे आठवण राहील. करताय ना? वा, लागलेसुद्धा.

तर त्यांच्या बाजूला, काचेत, आपली चेटकीण उभी आहे. हिच्यावर कंपनी उभी राहिली, हे कोण नाकारेल? हिचा झगा नुसत्या हिरव्या पुट्टीचा आहे, कारण ती रबरासारखी ताणली जाते आणि चुण्या छान पडतात. काठीला मात्र राखाडी पुट्टी मिसळलीय, म्हणजे वाळल्यावर घासून धार काढता येते. आणि चेहरा? चेहरा माझ्या आईचा आहे.

आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. मी तिच्या उशाशी बसून काम करायची. "नाक जरा लहान कर की गं, शेजारीपाजारी ओळखतील," म्हणायची. चेटकीण पूर्ण झाली तेव्हा साहेब मला म्हणाले, "हे बघ बाई, इथं कुणा एकाचं नाव लागत नसतं. काम सगळ्या स्टुडिओचं." मला पटलं. मग चेटकिणीची खोकी छापून आली, त्यांवर शिल्पकार डेस्मंड हार्बॉटल. आईनं खोकं उलटंपालटं करून पाहिलं. "तुझं नाव कुठंय गं?" म्हणाली. मी म्हटलं, पुढच्या छपाईत येईल. ती वाट बघत गेली. या माणसाला मी ते कधीच माफ केलेलं नाही, आणि आज निरोपाच्या दिवशीही करणार नाही.

हं, पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. तुम्ही बघितलंत तर. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्या पाहुण्यांसाठी सांगते. ही पट्टी अर्धी निळी, अर्धी पिवळी असते. दोन्ही मळले की हिरवं होतं आणि घट्ट व्हायला लागतं. पण मधे जिथं दोन रंग एकमेकांना चिकटलेले असतात, तिथं ती पाकिटातच वाळते. म्हणून आपण आधी मधली वाळलेली रेघ सुरीनं कापून फेकतो. साहेबांनी उभ्या आयुष्यात ती कापली नाही, आत्ताही नाही. "चांगला माल फुकट का घालवायचा," म्हणायचे. म्हणून त्यांच्या प्रत्येक चेहऱ्यात खडे, आणि खडे झाकायला दाढी. आपल्या कंपनीचे सगळे सरदार, बुटके, अगदी दोन राजपुत्रसुद्धा दाढीवाले का, हे कुणी कधी विचारलंत?

थांबू नका साहेब, गाल पुरा करा. सुरी तशीच कोरडी पडलीय, ती सगळ्यांनी पाहिली.

अध्यक्षबाई, त्या नव्या गालावर जरा बोट फिरवता का?

"खडे आहेत गं हिल्डा."

आता काच उचलून चेटकिणीच्या गालावर फिरवा. काय लागतं? काहीच नाही ना?

डेस्मंडसाहेब, तुम्ही म्हणताय, "हिल्डा, ही काय हे बोलायची जागा आहे?" हीच जागा आहे. खोकं छापताना तुम्ही मला एकटीला गाठलं होतंत. मी चारचौघांत बोलतेय.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आपली ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर ते सभागृहानं पोटात घालावं. साहेबांनी नाही घातलं तरी चालेल. काचेखालच्या, साहेबांचं नाव कोरलेल्या पितळी पाटीला दोन स्क्रू आहेत, अध्यक्षबाई. स्क्रूड्रायव्हर मी आणलाय. आणि नवी पाटीही. तिच्यावर माझं नाव आहे, आणि त्याखाली आईचं.