लेगॉसचा आहेर

तुम्ही मला चोंबडी म्हणता ना, मग ऐका. आमच्या वसमतच्या गंगामावशीचा ल्योक बाबाराव आफ्रिकेतल्या लेगॉस शहरात एका व्यापाऱ्याच्या दुकानात पाच वर्षं होता. घरी आला, तरी त्याचा जीव तिकडंच. जर्मनची मोठी लढाई संपल्यावर खास तिथल्या दोस्ताच्या भेटीला म्हणून पुन्हा जाऊन आला. मावशी त्याची पेटी उघडत होती, अन् शेजारीण म्हणून मी तिथं होतेच.

"काकू, काय शहर हाय!" बाबाराव मला सांगत होता. "मी बोटीतून उतरलो तर दोस्तानं माझं नाव ढोलावर वाजवलं. ढोल बोलतो तिथं!"

माझं लक्ष पेटीतल्या फोटोवर. बाबाराव अन् एक देखणी बाई, दोघांचे कपडे एकाच फुलाफुलांच्या कापडाचे.

"मावशी, सून पाहा तुमची!"

मावशी पांढरी पडली. "लगीन केलंस? पुन्हा तिकडं गेलास तर माझं तोंड पाहू नको!"

"माय, लगीन दोस्ताच्या घरचं होतं! ही त्याची बहीण. तिथं लग्नात घरचे समदे एकाच कापडात असतात." त्यानं घाईघाईनं दुसरा फोटो काढला. म्हातारा-म्हातारी, लेकरं, तीस माणसं त्याच कापडात, अन् मधोमध आमचा बाबाराव.

मावशीनं फोटो हातात घेऊन एकेक माणूस निरखला. "म्हंजी तुला घरचा धरून कापड देलं त्यायनं?"

"व्हय."

"अन् तू उलटा आहेर काय केलास?"

"काई न्हाई, माय."

"लाज न्हाई वाटली? ऊठ! बायायला खण अन् बाप्यायला फेटे घे, एकाच रंगाचे. अन् बोट कव्हा हाय ते पाह्य!"