कॅराव्हॅनचा कोरडा नळ

या, जरा जवळ बसा. कानडी मुलखातल्या येलहंक्यात, हार्डवेअरच्या दुकानात कानावर पडलेली गंमत सांगते. स्मिता आपल्या नव्याकोऱ्या कॅराव्हॅनची, म्हणजे चाकांवरच्या घराची, तक्रार घेऊन आली होती, सोबत सासूबाई. दुकानदार रघुअण्णांनी नवा पंप काढूनच ठेवला होता.

“अण्णा, पंप घुरघुरतो, पण नळाला थेंब नाही! उद्या पहाटे निघायचंय, आणि आमच्या आई अंघोळ-पूजेशिवाय चहासुद्धा घेत नाहीत.”

“टाकी भरली का, अक्का?”

“काठोकाठ.”

“पंपाची जाळी?”

“धुतली.”

“टाकीखालचा कॉक?”

“तो उघडाच असतो.”

“असतो कसा? काम झालं की मी बंद करते ना!” सासूबाई म्हणाल्या. “टँकरच्या पाण्यावर काढलेल्या उन्हाळ्यात लागलेली सवय.”

“आई!”

“सरी अक्का, ठीक आहे, कॉक उघडा. पंप नको,” रघुअण्णा म्हणाले.

मंडळी, सकाळी नळाला पाणी आलं, की काढलेला पंप परत फळीवर ठेवणाऱ्या रघुअण्णांची आठवण असू द्या.