बॉलवरचं बोट

हॅलो?… हॅलो, कोण?… आर्मा! अगं आहेस कुठे तू? कालपासून फोन करून करून माझा जीव गेला… उचलायला काय झालं होतं?… हो, हो, ऐकते… जरा जोरात बोल, तुझ्यामागे कुत्री भुंकताहेत.

कुठे?… मेंढवाड्यापाशी? अजून गावातच? अगं आज मॅच आहे! तीन वाजता!

नाही येत?

थांब. थांब जरा. फोन टेबलावर ठेवते, हात अडकलाय माझा… हां. आता बोल. काय म्हणालीस, परत म्हण.

येत नाही म्हणजे काय?

हो, माहितीये आज मेंढ्या खाली आणायच्यात. आठवडाभर धुकं होतं, आज डोंगर मोकळा झाला, सगळ्या बेटांवर हाच गोंधळ चाललाय. आपल्या चार जणी तिकडेच गेल्यात. एकीने मला मेंढीचा फोटो पाठवलाय, खाली लिहिलंय ‘सॉरी’. तिच्यापेक्षा ती मेंढीच जास्त ओशाळलेली दिसत होती.

दहा… हो, तुला सोडून दहा. बाकावर बसायला एक जण नाही. कोच बाई म्हणाल्या, त्यावर पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडू, टीव्हीवर जरा भरल्यासारखं दिसेल.

अगं हो, नियमाने सात जणी असल्या तरी खेळता येतं, मला शिकवू नकोस. पण फुटबॉल संघटनेच्या बैठकीत काय ठरलं? तूही होतीस ना तिथे? देशाच्या संघाला अकरा बायका जमवता येत नसतील, तर पुढच्या वर्षी स्पर्धेत संघाचं नावच घालायचं नाही. संपला विषय. मग आपल्या मागून येणाऱ्या पोरींनी काय करायचं? स्वेटर विणायचे?

काय?… कोण हसतं?… दुकानात? तुला?

तुला काय हसतील, आर्मा! सगळ्या जगासमोर आडवी मी पडले होते. मला विचार ना! माझ्या बालवाडीतली पोरं खेळायच्या सुट्टीत सगळीच्या सगळी पालथी पडतात, बॉलवर एक बोट ठेवतात आणि ओरडतात, ‘बाई, बघा, तुम्ही!’ चार-चार वर्षांची कार्टी! एकाच्या आईने तर त्याचा फोटो फ्रिजवर लावलाय.

कबूल. चूक माझी. शंभर वेळा कबूल… अगं ऐक ना, मलापण बोलू दे.

गेल्या महिन्यातली ती मॅच. आठ–शून्य. शेवटची तीन मिनिटं. सहा मॅचमध्ये आपला एक गोल नाही, आणि मिळाली एकदाची पेनल्टी. तू बॉल ठेवलास, वाऱ्याने नेला. परत ठेवलास, परत नेला. तिसऱ्यांदा नेला तेव्हा मी आपला गोल सोडून धावत सुटले. विचार असा केलाच नाही मी. आठ वर्षांच्या होतो तेव्हापासून गावच्या मैदानावर तू मारतेस आणि मी पालथी पडून बॉल धरते. धरल्याशिवाय पेनल्टी मारलीये का आपण कधी? मला काय माहीत, नियम बाहेरच्या जगात लिहितात आणि तिथे वाराच नसतो!

आणि ती रेफरी बाई! तिला वाटलं मला चक्कर आली. डॉक्टरला बोलवायला तिने शिट्टी फुंकली, हात वर केला… आणि तू समजलीस, मार म्हणतेय. दिलीस ठेवून!

हो, मग पुन्हा मारायला लावली. आणि मला बाहेर काढलं. हो… आणि दुसरी गेली समुद्रात. गेली तर गेली! धरायला कुणी नसताना त्या वाऱ्यात कुणी मारून दाखवावी. तो बॉल एव्हाना आइसलँडला लागला असेल.

काही नाही… कसला आवाज?… चिकटपट्टी फाडतेय. दाताने. म्हणून तर फोन खाली ठेवलाय.

बोटाला लावायला… असंच गं… उजव्या हाताच्या… मधल्या. तू विषय बदलू नकोस, आधी सांग, जहाज किती वाजता…

नाही, मुरगळलं नाही… सुजलंय थोडं… आर्मा, जाऊ दे ना… अगं…

मोडलंय! झालं समाधान?

कधी म्हणजे… तेव्हाच. तू मारलास तेव्हा. बॉल गेला कोपऱ्यात आणि तुझा बूट माझ्या बोटावर.

हॅलो?… आर्मा?… आहेस ना?

रडू नकोस. ए… रडू नकोस म्हणते ना. मेंढ्या घाबरतील.

नाही सांगितलं. कसं सांगणार? तो गोल होता गं. सात सेकंद का होईना, होता. तू हात पसरून पळत होतीस, सगळ्या तुझ्या अंगावर उड्या मारत होत्या, स्टेडियममधली ती दोनशे माणसं उभी राहिली होती. त्यात मी काय म्हणू, थांबा, माझं बोट मोडलं?… आणि नंतर तू कुणाशी बोलेनाशीच झालीस. मग तर सांगायचा प्रश्नच नव्हता.

हो, खेळणार. मग काय करू? दुसरी गोलकीपर बेइन्ता, ती सातव्या महिन्यात आहे. तिला उभी केली तर निम्मा गोल झाकला जाईल हे खरं, पण डॉक्टर परवानगी देत नाहीत. दोन बोटं एकत्र बांधली की होतं काम. कोच बाईंना माहितीये. आता तुला. तिसऱ्या कुणाला कळलं तर बघ!

दुखणारच. मोडलंय म्हटल्यावर दुखणार नाही का?… पण मला ना, त्याहून जास्त राग येतोय. तू घरी बसलीस याचा राग येतोय. हसतात म्हणून कुणी घरी बसतं? माझ्यावर ओरड, मला शिव्या दे, मॅचनंतर महिनाभर बोलू नकोस. पण आज ये.

जहाज नऊला ना?… आता आठ चाळीस झालेत. पळालीस तर दहा मिनिटांत धक्क्यावर… नाही, त्याच्या नंतरचं नको, ते पोचेपर्यंत इथे दुसरा हाफ सुरू होईल.

मग अडलंय कुठे?… वरची घळ… हं. तिथे मेंढ्या अडवायला तूच उभी राहतेस, नाही का. तुझा भाऊ?… अजून समुद्रावरच? बरं.

काकांना दे फोन… दे म्हणते ना! रागावू देत, मला काय खाणार आहेत?

हॅलो… हानुस काका? मी सुन्निवा… हो, तीच. बॉलवर बोट ठेवणारी. तुम्हीपण सुरू करा आता!… हसून घ्या, घ्या.

काका, तुमच्या लेकीला सोडा. आज अकरा जणी नाही उभ्या राहिल्या तर आमचा संघच बंद होतोय… हो, कायमचा… नाही सांगितलं तिने तुम्हाला? एक शब्द बोलली नाही? कमाल आहे बाई हिची!

हो, घळ मोकळी राहील, कळतंय मला. तुमचा गुडघा तसा, तुम्ही वर चढणार नाही. किती सुटतील?… वीस? बरं, वीस. त्या वीस मेंढ्या आम्ही आणून देतो. मी आणि आमच्या सगळ्या, अकराच्या अकरा. शब्द देते… उद्या नाही, उद्या रविवार, देवाच्या दिवशी डोंगराला पाय लावलेला तुम्हालाच चालायचा नाही. सोमवारी. पहिल्या जहाजाने.

काय म्हणालात? बॉल अडवता येत नाही, त्या मेंढ्या काय अडवणार?… अहो काका, मेंढ्या वाड्याच्या आतच घालायच्यात ना? आत जाऊ देण्यात आमचा हात कोण धरणार! सहा मॅचमध्ये एकेचाळीस आत गेलेत!

हसलात. हसलात ना? ऐकलं मी.

कशाला खेळता म्हणून काय विचारता… बरं, सांगते. विचारलंत ते बरं झालं, बाकीचे नुसते हसतात. काका, आपला देश केवढा? आपण सगळे मिळून, आज ज्यांच्याशी खेळतोय त्यांच्या एका स्टेडियममध्ये मावतो. तरी मॅचच्या आधी आपलं राष्ट्रगीत वाजतं. आणि ते वाजेपर्यंत त्या एवढ्या मोठ्या देशाच्या अकरा जणींना हात खाली सोडून गप्प उभं राहावंच लागतं. मला ते आवडतं. त्यानंतर आठ होऊ देत नाहीतर अठरा. मार खायचा तर मैदानात उभं राहून खाऊ. घरी बसून, न खेळता, कुणीतरी कागदावर आपलं नाव खोडून टाकायचं… ते मला नाही सोसायचं. बोट मोडलं तेव्हा नाही रडले मी… हो, मोडलंय, कुणाला बोलू नका… पण त्या बैठकीतून आल्यावर रडले. बस, एवढंच.

काका?… हॅलो?

जा म्हणालात? तिला म्हणालात? आर्मा! आर्मा, ऐकू येतंय का? पळ! बूट नकोत, बूट क्लबच्या कपाटातच आहेत तुझे! कपडे बदलू नकोस, मेंढीचा वास आला तर उलट बरं, कुणी जवळ यायचं नाही!

निघाली?… काका, फोन ठेवू नका हं, तुमच्याजवळच राहू दे. तुम्ही उभे आहात तिथून धक्का दिसतो ना सगळा? मग मला सांगत राहा… किती वाजले?… आठ बावन्न. होईल. होईल ना?

कुठवर गेली?… चर्चच्या खाली… बरं… नाही, मी काही घाबरत नाही. तुम्ही बोला काहीतरी.

होडीघराच्या दारावर?… हो, आठवतं ना. लहानपणापासून सगळ्या मॅचचे आकडे तिथेच लिहितात गावात, खडूने… आमचंही लिहिलं असेल, आठ–शून्य. पावसाने पुसलंही असेल आतापर्यंत… तुम्ही लिहिलंत? तुम्ही स्वतः?… खडू नाही? मग?… मेंढ्यांना खूण करायचा लाल रंग? अहो तो सात जन्म निघत नाही!… काय लिहिलंत?

आठ… एक?

काका, एक नव्हता हो. तो मोजला नाही त्यांनी.

…हो. जाळ्यात गेला. खरं आहे. तुम्ही टीव्हीवर पाहिलात, मी जमिनीवर पडून पाहिला… हो. गेला होता.

मग दुकानात ते हसत होते ते… तुमच्या रंगाला? हानुसने आपल्या लेकीचा गोल परस्पर मंजूर केला म्हणून? अगं बाई!… आणि आर्माला वाटतंय तिलाच… तिने दार पाहिलंच नाही? महिनाभर धक्क्याकडे फिरकलीच नाही म्हणता?… तुम्हीही धन्य आहात काका! मग सांगायचं नाही का तिला? एका घरात राहता, दोघांच्या तोंडाला कुलपं!

थांबा. आता धक्क्यावर जाताना ती त्या दारावरूनच जाणार ना?

थांबली?… कुठे थांबली?… दारासमोर?

अहो हाक मारा तिला! काका, हाक मारा! जहाज सुटेल!… तो भोंगा कसला, जहाजाचा ना? मला इथे ऐकू येतोय आणि तिला ऐकू येत नाही?… उभी काय राहिलीय!… बघू दे काय बघू दे, सोमवारी येऊ ना आम्ही, तेव्हा बघेल, दार कुठे पळून जातंय!… काका, ओरडा! मेंढ्यांना ओरडता तसं ओरडा!

आई गं, कान गेला माझा…

वळली?… पळतेय? पळतेय ना?… शिडी उचलतायत? नका हो, नका उचलू… कोण उभं आहे तिथे?… आपला खलाशी? मग त्याला हात करा, त्याला दिसतंय का नाही, देशाची सेंटर फॉरवर्ड येतेय म्हणावं, थांब जरा!

काका?… बोला ना!… काका!

काय म्हणालात?

चढली?… नक्की?… हात करतेय?

अकरा. काका, अकरा झाल्या. थांबा, डोळे पुसू दे, एका हाताने सगळं करावं लागतंय…

हो, वारा आहे इथेही. खिडकीतून दिसतोय, शेजारच्यांच्या बादलीचं झाकण रस्त्याने चाललंय… नाही, आज मी गोल सोडून हलायची नाही. शपथ घेतलीये… हां, पेनल्टी मिळाली तर?

मिळाली तर आधी रेफरी बाईंना हात जोडून सांगेन, बाई, मला चक्कर आलेली नाही, आमच्याकडे वारा असतो. ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर उभ्यानेच मारेल तुमची लेक. समुद्रात गेला तर गेला, दुसरा बॉल आणू.

ठेवते आता. बोट बांधायचं राहिलंय, आणि बाकीच्या नऊ जणींना सांगायचंय… हो, सोमवारी, पहिल्या जहाजाने. विसरत नाही, वीस मेंढ्या.

आणि काका… तो रंग उरलाय ना डब्यात?… मग झाकण घट्ट लावून ठेवा. वाळू देऊ नका.