नावावरची जाळी

सून : रजिस्टरवरचा हात काढा, आई. साहेब केव्हाचे शिक्का धरून बसलेत.

सासू : बसू देत. माझ्या लेकाच्या नावावर शिक्का मारायची इतकी घाई कसली?

कारकून : मला कसली घाई, आजी? पण शनिवारी खोलीला कुलूप लागेल. खोली खाण कंपनीची, आणि रजिस्टरात तुमच्या मुलाच्या नावावर. ते नाव रद्द झाल्याशिवाय तुमच्या सुनेचं लावता येत नाही.

सून : पोरीला घेऊन जाऊ कुठे मी? सांगा ना.

सासू : तू काय, मोकळी व्हायलाच बसलीस.

सून : अकरा महिने झाले, आई. नऊ जण खाणीत उतरले, एकही वर आला नाही. मी वाट पाहिली नाही असं वाटतं तुम्हाला? अजून जेवायला वाढताना एक ताट जास्त काढते. तुमच्या लक्षात यायच्या आत परत ठेवते.

(सासूचा पंजा रजिस्टरवर तसाच.)

सासू : मास्तर, त्या शिक्क्यावर काय लिहिलंय?

कारकून : मास्तर? ओळखलंत होय मला.

सासू : न ओळखायला काय झालं? इंग्रजीत दोनदा नापास केलंत त्याला. हात लाल करून घरी यायचा.

कारकून : हो. आता वाटतं, नसतं मारलं तर बरं झालं असतं. ‘कॅन्सल्ड’ लिहिलंय, आजी.

सासू : म्हणजे काय? नुसतं ‘रद्द’ सांगून कटवू नका. पुरतं सांगा.

कारकून : मूळ शब्द लॅटिन. त्याचा अर्थ जाळी. खिडकीला आडव्या-उभ्या पट्ट्या असतात, तशी. पूर्वी लिहिणाऱ्याला एखादा मजकूर रद्द करायचा असला, की त्यावर तो एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघा मारायचा. ती जाळीच दिसायची. त्यावरून इंग्रजीत हे क्रियापद आलं.

सासू : खरवडून नाही काढायचा?

कारकून : नाही. अक्षरं खाली तशीच राहायची. वाचताही यायची.

सासू : आणि तुमचा हा शिक्का?

कारकून : हा जाड आहे. मारला की खालचं काही दिसत नाही.

सासू : मग पेनाने जाळी काढा.

कारकून : नियम शिक्क्याचा आहे हो.

सून : साहेब, एवढं कराच. मी पाया पडते.

कारकून : नको, ताई. शिक्का समासात मारतो, नावावर जाळी काढतो. वरच्यांनी विचारलं तर बघू काय ते.

सासू : घ्या. काढला हात.

कारकून : सावकाश काढतो, आजी.

सासू : आणि जरा विरळ काढा, मास्तर. खाणीच्या तोंडावर ठोकलीय ना, ती फार दाट आहे. रोज डोळा लावून बघते, आतलं काही दिसत नाही.