रूथबाईंचा डोळा

मी सातारची. लग्न होऊन अमेरिकेत अल्फारेटाला आले तेव्हा इथं घोड्यांची कुरणं होती, आपलं माणूस औषधालासुद्धा नव्हतं. एका म्हाताऱ्या गोऱ्या डॉक्टरांकडे मला फोन घ्यायची नोकरी लागली, आणि काय सांगू तुम्हाला, काय दिवस होते ते! पेशंट परसातले टोमॅटो घेऊन यायचे, डॉक्टर आधी गप्पा मारणार, मग तपासणार, कुणाला स्पेशालिस्टकडे पाठवायचं असलं की म्हणणार, सुमन, लाव फोन, की दुसऱ्या दिवशी पेशंट तिकडे हजर.

मग ते मॅनेज्ड केअर आलं. म्हणजे स्पेशालिस्टकडे जायचं तर आधी इन्शुरन्सवाल्यांची परवानगी. वेटिंग रूममध्ये नुसती जुंपायची. एक म्हणायचा, बरं झालं, डॉक्टर लोक उगाच टेस्ट करायचे, दुसरा म्हणायचा, अरे पण फोनवरची ती बाई कोण ठरवणार? मला वाटायचं, शिस्त आली तर बिघडलं कुठं.

आमच्या एक पेशंट होत्या रूथबाई, गोधड्या शिवायच्या, मला गाडी त्यांनीच शिकवली. एकदा आल्या नि म्हणाल्या, डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं होतंय. डॉक्टर म्हणाले, आजच पाठव. मी इन्शुरन्सवाल्यांना फोन लावला, तिकडच्या बाईनं विचारलं, अर्जंट आहे का? आता आपली सवय कशी, काम सांगायचं तर समोरच्याला संकोच नको, मी म्हटलं, तशी घाई नाही हो, सवडीनं बघा, पण आज झालं तर बरं. तिनं पहिलंच तेवढं लिहून घेतलं असणार. परवानगी आली आठवड्यानं. तोवर डोळा गेला होता.

सगळे मॅनेज्ड केअरला शिव्या घालायचे आणि मीही त्यात आवाज मिसळायचे, मेली मी! दोन वर्षं असंच चाललं. शेवटी राहवेना, रूथबाईंच्या घरी गेले, रडत रडत सगळं सांगितलं. त्या सुई ओवायला माझ्याकडे देत म्हणाल्या, अगं, मी तिथंच उभी होते की, सगळं ऐकलं. तेव्हा मला वाटलं, किती गोड बोलते ही सुमन, असं म्हणाल्या.

दवाखाना बंद झाला, रूथबाईही गेल्या. त्यांची गोधडी अजून पांघरते मी. आता लेक म्हणते, मॉम, व्हाय आर यू शाउटिंग ऑन द फोन? ओरडते बाई. तुम्हीही कुणासाठी फोन कराल ना, तर लाज सोडून ओरडा. देव तुमचे डोळे शाबूत ठेवो.