कागदात नसलेले तीन शब्द

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष दुप्लांतिए महाशय, मंचावरील पाहुणे, रात्रशाळेचे गुरुजन, ज्यांना कामातून निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे बाझील दुकोसो, आणि एवढ्या उकाड्यात दाटीवाटीनं बसलेल्या न्यू ऑर्लिन्सच्या बंधू-भगिनींनो,

बाझीलकाकांच्या विद्वत्तेबद्दल आधीचे वक्ते बोलले. मी, इस्त्रीवाल्या मार्तोनची मुलगी झेनोबी, त्यांचा एक गुन्हा सांगणार आहे. काका, मान हलवू नका. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तुम्हाला कोण धरून नेणार?

साल १८०३. मी सहा वर्षांची. उन्हाळ्यात बंदरावर बातमी आली, अमेरिकेनं आपला अख्खा मुलूख विकत घेतला. सत्तावीस वर्षांचा तो देश! जमिनीवरच्या माणसांना कुणी विचारलं होतं का?

शेजारची ओर्तांसमावशी म्हणाली, "मार्तोन, घर विकलं की भांडीकुंडीही नव्या मालकाची. आपण तर भांड्यांतच जमा."

आई हसली नाही. तिची गुलामीतून सुटका झाली होती, तेव्हाच्या स्पॅनिश अमलातल्या कचेरीच्या शिक्क्यानिशी. माझी झाली नव्हती. "पोरही तुझीच," असं मालकीण नुसतं तोंडानं म्हणाली आणि हवानाला निघून गेली. तोंडच्या शब्दाला शिक्का कुठून आणायचा?

डिसेंबरात चौकात अमेरिकन निशाण चढताना अर्ध्यावर अडकलं. लोक हसले. आईनं माझा हात इतका आवळला की बोटं बधिर झाली. त्या दिवसापासून दारावर थाप पडली की मी धुण्याच्या टोपलीत, ओल्या चादरींखाली. आजही साबणाच्या वासानं माझी छाती धडधडते.

मग हुकूम निघाला: गुलामीतून सुटलेल्यांनी सुटकेचे कागद दाखवावेत. अधिकाऱ्याला येई फक्त इंग्रजी. दुभाषा आपल्यातलाच, बावीस वर्षांचा बाझील. आमची ओळख ना देख. त्यानं आईचा कागद वाचून दाखवला.

"आणि ही पोरगी?" अधिकाऱ्यानं विचारलं.

बाझीलनं कागदावर बोट ठेवलं. "'आणि तिची मुलगी'. इथं आहे, साहेब."

तिथं तसं काही नव्हतं.

बाहेर आई कुजबुजली, "दादा, तुम्ही चुकीचं वाचलंत."

"ताई, गप्प चालत राहा. मागं बघू नका."

मूळ कागद कचेरीत राहिला. उद्या कुणी स्पॅनिश जाणणारा आला तर? काकांना तुरुंग, मला बाजार. माझ्या प्रत्येक बाळंतपणात पहिला विचार हाच, की हे लेकरू तरी माझं राहील का? काकांना मोठमोठ्या शहरांतून बोलावणी आली. पण तो कागद जिथं होता, त्या कचेरीतून ते हलले नाहीत. आपण त्यांना भित्रे म्हणत होतो, आठवतं?

गेल्या वर्षी इथली गुलामी गेली, यंदा युद्ध संपलं. काकांनी तो कागद मला आणून दिला. "झेनोबी, आता नीट वाच." त्यांनीच शिकवलेल्या स्पॅनिशमध्ये मी वाचला. आईच्या नावापाशी वाक्य संपलं. पुढं कोरी जागा. आम्ही दोघांनीही एकदम दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. कुणी आलं नाही.

अध्यक्ष महाशयांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. भर सभेत एका सज्जनाचं खोटं उघडं पाडलं, ते आणि बोलण्यातलं इतर काही चुकलंमाकलं, मोठ्या मनानं पोटात घाला. काका, तुम्हीही. पहिल्या रांगेत माझी चार मुलं बसली आहेत. त्यांनाही हे आजच कळतंय.