सातव्या नंबरची पुडी

आदरणीय अध्यक्ष महोदय, संस्थेचे संचालक, वॉर्डातून वेळ काढून आलेल्या डॉक्टरीणबाई, पहिल्या रांगेतल्या काकू आणि प्रयोगशाळेतल्या माझ्या सगळ्या सोबत्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझी बोलण्याची ख्याती अध्यक्षांना ठाऊक आहे, म्हणून त्यांनी घड्याळ काढून समोर ठेवलंय. ठेवू देत.

आज ज्यांना आपण निरोप देतोय, त्यांचं कागदोपत्री पद काहीही असो, चौतीस वर्षं ते आपले आचारीकाका आहेत. पाहुण्यांसाठी सांगते, आम्ही ज्या परजीवींवर औषध शोधतो, त्यांचं जेवण काका बनवतात. माशीच्या चाव्यातून अंगात शिरणारे, माणसाला आतून पोखरणारे हे जीव, आणि काका बाटली उजेडात धरून विचारणार, "काय रे, जेवलात का?" काकू मघाशी म्हणाल्या, "घरी साधा चहा टाकत नाहीत हो!" काकू, तक्रार रास्त आहे. उद्यापासून वसुली सुरू करा.

पण हे लाड कुणाचे चालले होते? याच आजाराने काकांच्या धाकट्या बहिणीला गाठलं होतं. अकरा वर्षांची होती. महिनाभर इंजेक्शनं दिली, ताप उतरला, आणि त्याच औषधाने तिचं हृदय थांबलं. काका हे फारसं बोलत नाहीत. मला एकदाच म्हणाले होते, "ताई, त्याला मारा, पण पोराला सोडा."

आमचा सगळा शोध या एका वाक्यात आला. परजीवीचं ज्यावाचून चालतच नाही, पण माणसाचं सहज चालतं, असं काय आहे? तेवढंच तोडलं तर त्याची उपासमार होईल आणि पेशंटला धक्का लागणार नाही.

बावीस वर्षांपूर्वी मी इथे नवी होते. हुशार होते, आणि ते मला जरा जास्तच माहीत होतं. एका शनिवारी काका रजेवर होते. जाताना त्यांनी जेवणाचे नऊ घटक मोजून, नंबर घालून, पुड्या बांधून ठेवल्या होत्या. मी फक्त पाण्यात मिसळायच्या होत्या. मिसळल्या. बुधवारी पाहते तर सगळ्या बाटल्या मेलेल्या. सहा महिन्यांचं काम पाण्यात! मी सगळ्यांसमोर काकांवर ओरडले, "तुम्हाला साधं मोजमाप जमत नाही का?" वयाने मोठ्या माणसाला. ते म्हणाले, "बघतो."

संध्याकाळी तराजू पुसताना त्यांना मागे पडलेली सात नंबरची पुडी सापडली. बंद. म्हणजे मी आठच मिसळल्या होत्या.

दुसरा कुणी असता तर ती पुडी नाचवत आला असता. काकांनी काय केलं? तीन आठवडे रोज एकेक पुडी वगळून जेवण बनवलं. बाकी कुठलीही वगळली तरी परजीवी कुरकुरत का होईना, जगले. सातवी वगळली की मेले. मग तेच जेवण त्यांनी माणसाच्या पेशींना दिलं. त्या मजेत! मग माझ्या टेबलाशी आले, दार लोटून घेतलं आणि पुडी ठेवली. "ताई, ही तराजूमागे होती. हे एवढं त्यांना स्वतःला बनवता येत नाही, आपल्याला येतं. बघा, काही उपयोग होतोय का."

मी म्हणाले, "बरं." एवढंच.

पुढचं तुम्ही जाणता. परजीवी ज्या वाटेने हा घटक आपल्याकडून उचलतो, ती वाट बंद करणारी गोळी आज पेशंटवर तपासली जातेय. आमच्या पहिल्या लेखात मी लिहिलं, 'योगायोगाने असे आढळले.' तो योगायोग समोर बसलाय. शाल पांघरून, अवघडून.

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला, एका लहान मुलीचा गोळ्यांचा कोर्स पुरा झाला. मी धावत काकांकडे गेले. त्यांनी एकच विचारलं, "कार्डिओग्राम?" म्हटलं, "नॉर्मल आहे, काका." ते "बरं" म्हणाले आणि बाटल्या धुवायला लागले. नळ मात्र बराच वेळ नुसताच वाहत होता.

मला बोलायला दिलंत, ऐकून घेतलंत, सर्वांची आभारी आहे. भाषणात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. पण माझी खरी चूक भाषणातली नाही, आणि तिची माफी सभागृहाकडे मागून भागणार नाही.

काका, ती पुडी मी फेकली नाही. ही बघा. ओरडले होते सगळ्यांसमोर, म्हणून सांगतेही सगळ्यांसमोर: तुमचं मोजमाप बरोबर होतं. चूक माझी होती. मला माफ करा.